बाप्पा, खरा पीटर कोणता?

हातातलं काम ठेवा बाजूला! चहा उकळत असेल तर गॅस बंद करा! मला काहीतरी सांगायचंय आणि ते आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल. स्पायडरमॅन! हो, तोच, लाल-निळ्या कपड्यातला, भिंतीवर सरसर चढणारा, पोरांच्या दप्तरावर असतो तो! त्याची डुप्लिकेट काढली होती! कोणी? त्याच्याच कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या मास्तरानं!

तुम्हाला हे आधीच ठाऊक असेल तर कृपा करा, मला सांगू नका. मी यातला जाणकार नाही, असल्याचा आवही आणणार नाही. मी आष्टीचा माणूस, संत्र्याची बाग, डोक्यात सदा कोळशी रोगाचा फवारा आणि व्यापाऱ्याचा भाव. भाचा अमरावतीला शिकतो, तो सुट्टीत जुन्या चित्रकथा एकत्र बांधलेलं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला, आणि त्या रात्री ओलिताची पाळी माझी होती, लाईन रात्रीचीच, मोटार सुरू करून बसलो तर झोप येऊ नये म्हणून ते पुस्तक उघडलं, आणि मग एक पान झालं, आणि मग दुसरं झालं, आणि मग वाफे भरून पाणी पार शेजाऱ्याच्या धुऱ्याकडे निघालं तरी माझी मान काही वर होईना!

ऐका, ऐका. या पीटर पार्करची एक मैत्रीण होती, ग्वेन स्टेसी. 1973 साली ती मेली. चित्रकथेत नायिका मरते! तेव्हाचे वाचक असे खवळले की विचारू नका. तर या ग्वेनवर तिच्या मास्तराचा, प्रोफेसर माईल्स वॉरनचा, मनातल्या मनात जीव. माणूस दिसायला अगदी साधा, चष्मेवाला. 1965 पासून गोष्टीत आहे, कोपऱ्यात उभा, कोणी ढुंकून पाहत नाही. आणि मग ग्वेन मेल्यावर त्याचं डोकं फिरतं, आणि मग तो जॅकल नावाचा हिरवा केसाळ कोल्हा बनून हिंडायला लागतो, आणि मग कळतं की वर्गात प्रयोगाच्या नावाखाली त्यानं ग्वेनच्या आणि पीटरच्या पेशी आधीच घेऊन ठेवल्यात, आणि मग 1975 साली मेलेली ग्वेन दारात येऊन उभी! जिवंत! तीच! काय झालं, मी कुठे होते, असं विचारते! माझ्या हातातली बॅटरी खाली पडली हो!

आणि हे तर काहीच नाही. पुढे एका स्टेडियममध्ये दोन स्पायडरमॅन समोरासमोर. दोघंही म्हणतात, मीच खरा! दोघांचा पोशाख तोच, ताकद तीच, आठवणीही त्याच! बॉम्ब फुटतो, एक मरतो, एक उरतो. आता सांगा, उरला तो कोणता? तुम्ही म्हणाल, खराच उरला असेल. पण त्याला स्वतःला कसं कळणार? नकली माणसालाही आपण खरेच वाटणार की!

पुढच्याच अंकात तो बिचारा एका शास्त्रज्ञाकडून स्वतःची तपासणी करून घेतो, आणि रिपोर्ट हातात आल्यावर तो न वाचताच फेकून देतो! का? तर म्हणे, माझं आता मेरी जेन नावाच्या दुसऱ्या मुलीवर प्रेम आहे. नक्कल बनवली जुन्या पेशीतून, म्हणजे तिचा जीव ग्वेनवर असणार, म्हणून मी खरा! वा रे पठ्ठ्या! आम्ही इथे मातीचा रिपोर्ट न वाचता खत टाकतो तर कृषी सहायक चार शब्द सुनावतो, आणि हा गडी अख्ख्या आयुष्याचा रिपोर्ट न वाचता मोकळा!

मी पहाटे भाच्याला गदागदा हलवून उठवलं. म्हटलं, संपलं का हे इथे? तो डोळे चोळत म्हणाला, "मामा, इथं तर सुरू होते." बाप्पा!

म्हणजे झालं असं की 1975 मध्ये मेला म्हणून ज्याला धुरांड्यात टाकलं तो मेलाच नव्हता! हे उघड झालं 1994 मध्ये! वीस-एक वर्षं तो चित्रकथेबाहेर कुठेतरी पायपीट करत होता. नाव काय घेतलं त्यानं? बेन रायली. बेन हे पीटरच्या मेलेल्या काकाचं नाव आणि रायली हे त्याच्या मे काकूचं माहेरचं आडनाव. आपलं म्हणून काहीच नाही त्याच्याजवळ, ना घर, ना जन्मतारीख, ना आईबाप, तर काका-काकूचंच नाव जोडून त्यानं स्वतःला एक नाव केलं! इथे मी जरा नाक पुसलं. सर्दी होती, दुसरं काही नाही.

आणि तो परत येतो कशासाठी? काकू आजारी आहे म्हणून! जिनं त्याला कधी वाढवलं नाही, जिच्या हातचं त्यानं कधी खाल्लं नाही, पण खाल्ल्याचं सगळं आठवतं! काकूच्या शेवटच्या वेळी पीटर तिच्या उशाशी, आणि हा बाहेर लपून रडतोय, कारण आत जाऊन सांगणार काय, की मी कोण? (काही वर्षांनी कळतं की मेली ती काकूसुद्धा नकली होती, दुसऱ्याच बाईला तिचं रूप दिलं होतं! मी पुस्तक आपटलं. मग लगेच उचलून पुसलं, भाच्याचं आहे.)

आणि मग 1995 मध्ये तपासणी होते आणि निकाल काय लागतो? पीटर नकली! इतकी वर्षं आपण ज्याला पाहत होतो तोच नकली, आणि गावोगाव धक्के खाणारा बेन खरा! वाचकांनी आरडाओरडा केला म्हणे. करणारच! आणि मग पीटर सगळं बेनच्या हवाली करून बायकोला घेऊन दुसऱ्या गावी निघून जातो, आणि मग बेन केस रंगवून स्पायडरमॅन होतो, आणि मग डिसेंबर 1996 च्या अंकात पीटरवर येणारा घाव बेन स्वतःच्या पाठीवर घेतो, आणि मरताना त्याच्या देहाची माती होते. ती माती म्हणजे पुरावा. नकली तोच होता. आधीचे रिपोर्ट सगळे खोटे, मागे बसून कळ फिरवणारा पीटरचा जुना वैरी नॉर्मन ऑस्बॉर्न.

आता गंमत पाहा! याच 1996 च्या 5 जुलैला तिकडे स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्मली. खरीखुरी! सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून! कागदावर बेन जीव सोडतोय आणि गोठ्यात डॉली चारा खातेय, आणि जगाला अजून पत्ता नाही, कारण बातमी फुटली 1997 च्या फेब्रुवारीत! आणि आपणही मागे नाही बरं का, हरियाणात कर्नालच्या संस्थेनं 2009 साली म्हशीची हुबेहूब पारडी काढली, गरिमा नावाची. पण यात एक मेख आहे. डॉली कोकरू म्हणून जन्मली, गरिमा पारडू म्हणून. आधीच्या जनावराचं त्यांना काही आठवायचं कारणच नाही. सगळ्या आठवणींसकट तरणाताठा माणूस तयार होणं फक्त चित्रकथेतच! मला वाटतं, वॉरननं खरा गुन्हा केला तो इथे. पेशी चोरल्या ते एकवेळ सोडा, पण एका माणसाच्या डोक्यात दुसऱ्याचं बालपण भरून दिलं!

हे सगळं मी सकाळी आईला सांगत होतो. ती तुरीचे दाणे सोलत होती. म्हटलं, दोन माणसं, एकच चेहरा, एकच आठवण, कसं ओळखायचं सांग. ती मान वर न करता म्हणाली, "काहून रे, दमयंतीले नव्हतं का पडलं हे कोडं? तिच्यापुढं तं पाच होते."

मी उभाच राहिलो! पाच! अहो, महाभारतातल्या वनपर्वातली गोष्ट! विदर्भाच्या राजाची पोर दमयंती, स्वयंवराला उभी, तिला नल हवा, आणि इंद्र, अग्नी, वरुण, यम चौघेही नलाचं रूप घेऊन नलाशेजारी बसलेले! आणि हे कुठे घडलं? कुंडिनपुरात! म्हणजे आमच्याकडे परंपरेनं सांगतात ते कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर, वर्धा नदीच्या काठावरचं! आमच्याच नदीच्या! मी लहानपणापासून तिथल्या यात्रेला जातोय आणि मला आता कळतंय की क्लोनचा पहिला खटला तिथे चालला!

आणि निकाल कसा लागला पाहा. दमयंतीनं देवांचीच विनवणी केली, तेव्हा देवांनी आपापली खूण उघड केली. चौघांना घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली फुलं ताजी, अंगावर धूळ नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचवा घामेजलेला, धुळीनं माखलेला, फुलं कोमेजलेली, सावली पडलेली. तो नल! घाला माळ! आई म्हणाली, "जो थकला दिसते तो आपला." आणि परत तूर सोलायला लागली. मी इकडे घरभर नाचतोय!

आणि नाचता नाचता बागेकडे नजर गेली आणि आणखी एक वीज पडली. माझी बाग! अहो, माझी अख्खी बाग क्लोनची आहे! संत्र्याचं झाड आम्ही बियाणं पेरून लावतो का? नाही! जंबेरीचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर वर सालीला टी अक्षरासारखा छेद द्यायचा, संत्र्याच्या चांगल्या झाडाच्या काडीवरचा एक डोळा सालीच्या पातळ चकतीसकट काढायचा, छेदात अलगद सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. डोळा फुटला की खुंटाचा शेंडा छाटायचा. खाली एक झाड, वर दुसरं! मुळं जंबेरीची, फळ नागपुरी संत्र्याचं, आणि ते फळ डोळा दिलेल्या झाडाची हुबेहूब नक्कल! कॅलिफोर्नियात रिव्हरसाईड गावी 1873 साली लावलेलं नेव्हल संत्र्याचं एक झाड अजून उभं आहे म्हणतात, आणि त्याच्या डोळ्यांवरून अमेरिकेत बागाच्या बागा झाल्या. मूळ पीटर अजून जिवंत, आणि त्याचे लाखो बेन रायली फळं देतायत!

मी गाडी काढली आणि थेट ओळखीच्या नर्सरीत. म्हटलं, मला सगळं सांगा. आणि त्या गड्यानं जे दाखवलं ते पाहून मी मटकन खाली बसलो. जंबेरीच्या एका बीतून एकापेक्षा जास्त कोंब निघतात! माहीत होतं का तुम्हाला? मी जन्म काढला संत्र्यात, कधी वाकून पाहिलं नाही! त्यातला एखादा परागातून झालेला, म्हणजे आईबापाचं रीतसर लेकरू. बाकीचे नुसत्या आईच्या पेशीतून आलेले, आईची नक्कल! आणि नर्सरीवाला काय करतो? सगळी रोपं एकसारखी हवीत म्हणून वेगळं दिसेल ते उपटतो! म्हणजे नक्कल ठेवायची आणि रीतसर लेकरू बांधावर फेकायचं! तिकडे स्पायडरमॅनच्या न्यूयॉर्कला नकली समजून एकाला धुरांड्यात टाकलं, आणि इथे बरोबर उलटं! मी त्याला बेन रायलीची सगळी गोष्ट उभ्या उभ्या ऐकवली. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, कलमा किती पाहिजे ते सांगा."

एकसारखं असण्याचा धोकाही त्यालाच विचारला. तो म्हणाला, एक झाड ज्या रोगाला बळी पडते त्याले सारेच पडते, म्हणून तर खुंट पाहून घ्या. डिंक्यानं माझी ओळच्या ओळ वाळली होती त्याचं कोडं असं उभ्या उभ्या सुटलं! आणि कलमाच्या जोडाखालून खुंट फुटला आणि आपण तो काढला नाही, तर जंबेरी वरचढ होते आणि संत्रं मरतं. त्याच बुंध्यावर, त्याच जागी, दुसराच मालक! बेन आणि पीटरची मारामारी माझ्या धुऱ्यावर रोज चालू आहे आणि मी कात्री घेऊन मधे उभा!

भाचा म्हणतो, मामा, अजून केन राहिला. पहिली, फसलेली नक्कल, चेहरा सारा चिरलेला, आणि राग त्याहून मोठा. तो पुढचा खंड आणणार आहे आणि मी बसच्या वेळा विचारून त्याला हैराण केलंय. बरं, बस तरी नीट आली पाहिजे, कारण आष्टीसुद्धा एक नाही हो! बीडची आष्टी वेगळी, गडचिरोलीची वेगळी, आमच्या नावापुढे शहीद लावावं लागतं, 1942 च्या हुतात्म्यांची आष्टी म्हणून, तेव्हा कुठे पार्सल घरी पोचतं!

तोवर मी आईच्या कसोटीला लागलोय. ज्या पानांवर दोघं समोरासमोर आहेत ती सगळी भिंग लावून बघतोय, घाम कोणाला आलाय, धूळ कोणाच्या बुटाला आहे, सावली कोणाची पडलीय. मुखवट्यातून घाम दिसत नाही, ही या पोशाखाची मोठी खोड! पण स्टेडियमच्या पानावर डावीकडच्याची सावली मला नक्की लांब वाटते. या, तुम्हीही या, चष्मा घेऊन या, उजवीकडचा तुम्ही तपासा!