एका अक्षराचा फरक



मुख्याध्यापकाच्या पानावर दरवेळी निकाल, इमारत निधी आणि शिस्त यांविषयी लिहिले जाते. या अंकात थोडी सवलत घेतो. जीवशास्त्राच्या बाई रजेवर असल्यामुळे यंदा नववीला पेशीचा पाठ मी घेतला. कार्यालयातून उठून पुन्हा वर्गात जायला मिळाले याचा आनंद होताच. पण त्या पाठातून जे निघाले ते चार भिंतींत ठेवावेसे वाटेना.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदीतून झाले. वडील रेल्वेत, मुक्काम इटारसी. घरात मराठी, शाळा-कॉलेजात हिंदी. आदिलाबादला येऊन मराठी माध्यमात शिकवू लागलो तेव्हा पहिली ठेच याच पाठाला लागली. हिंदीत आम्ही कोशिका म्हणायचो आणि पेशी म्हणजे मराठीतला स्नायू. शिवाय हिंदी पुस्तकातला स्नायु म्हणजे हाडे जोडणारा बंध! पहिल्याच वर्षी मी फळ्यासमोर दंड फुगवून दाखवला आणि म्हणालो, "ही पाहा पेशी कशी आकुंचन पावते." पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, पेशी तर डोळ्यांना दिसत नाही, मग तुमच्या दंडात एवढी मोठी कशी?" वर्ग हसला, मीही हसलो. त्या रात्री मराठी पाठ्यपुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढले. आपल्या भागात कोर्टाच्या तारखेलाही पेशी म्हणतात आणि तेलुगू माध्यमातली मुले सेलला कणम् म्हणतात, ही भर नंतर पडली. तेव्हापासून हा पाठ सुरू करताना आधी शब्दांची वाटणी करतो.

यंदाही तसेच केले. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या झाडाच्या सालीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला मधमाशीच्या पोळ्यासारख्या खोल्या दिसल्या, हे सांगितले. कांद्याचा पापुद्रा आयोडीन घालून मुलांना दाखवला. पटल, केंद्रक, तंतुकणिका, रिक्तिका अशी नावे फळ्यावर आली आणि वह्यांत गेली. माणसाच्या शरीरात अंदाजे ३० लाख कोटी पेशी असतात आणि संख्येने त्यांतल्या बहुतेक एकट्या तांबड्या रक्तपेशीच आहेत, हे ऐकून मुले जरा चकित झाली.

तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याच्या गावात आरोग्य खात्याचे लोक बोटातून रक्त घेऊन तपासणी करून गेले होते. "सर, तांबड्या रक्तपेशीला केंद्रक नसते, आणि सगळ्या सूचना तर केंद्रकात असतात. मग सिकलसेल आईवडिलांकडून कसा येतो?"

इतका नेमका प्रश्न मला बी.एस्सी.ला असताना सुचला नव्हता. मी त्याला म्हणालो, उद्या सांगतो. उत्तर येत नव्हते म्हणून नव्हे. तासाची पाच मिनिटे उरली होती आणि हे पाच मिनिटांचे काम नव्हते. दुसरेही एक कारण होते, ते पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयातले प्रवेश रजिस्टर डोळ्यांपुढे आणायला सांगितले. ते मूळ रजिस्टर कधी बाहेर जात नाही. त्यावरून नक्कल निघते आणि नकलेवरून पुढची कामे होतात. पेशीतही तसेच आहे. मूळ नोंद म्हणजे केंद्रकातला डीएनए, नक्कल म्हणजे आरएनए, आणि नक्कल वाचून प्रथिन जोडणारा कारखाना म्हणजे रायबोसोम. डीएनएच्या लिपीत अक्षरे चारच: ए, टी, जी, सी. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाला साधारणपणे एक अमिनो आम्ल. ही लिपी उलगडण्याच्या कामासाठी आपल्या हरगोविंद खुराना यांना १९६८ साली दोन सहकारी शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळाले.

आता रक्ताकडे येऊ. तांबडी रक्तपेशी जन्मतःच केंद्रकाविना नसते. हाडांच्या आतल्या मज्जेत ती तयार होते तेव्हा तिला केंद्रक असते. तिथे मूळ नोंद वाचली जाते, हिमोग्लोबिन भरले जाऊ लागते, आणि रक्तात उतरण्याआधी पेशी केंद्रक बाहेर टाकून देते. म्हणजे दाखला घेऊन मुलगा शाळेबाहेर पडला, रजिस्टर मागेच राहिले, पण दाखल्यात जी चूक आहे ती त्याच्याबरोबर गेली. (कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशीला मात्र केंद्रक असते. ते ऐकून एकाने घरी सूक्ष्मदर्शक न्यायची परवानगी मागितली. दिली नाही.)

ही चूक केवढी? हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली असतात. सहाव्या जागी जीएजी हा शब्द असला की तिथे ग्लुटामिक आम्ल बसते. त्या शब्दातल्या मधल्या ए च्या जागी टी आला की व्हॅलिन बसते. एवढेच. ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडते, व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरते. ऑक्सिजन सोडून दिल्यावर असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर तयार होतात आणि गोल, लवचिक पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी होते. सिकल म्हणजे विळा, हिंदीत हँसिया, तेलुगूत कोडवलि. सोयाबीन आणि ज्वारी कापणाऱ्या आपल्या मुलांना याचे चित्र काढून दाखवावे लागत नाही. असे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि हाडांत, सांध्यांत असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त सतत कमी पडते.

नावातले एक अक्षर चुकले की काय होते हे आपल्या पालकांना मी काय सांगावे! मराठी आडनाव तेलुगूत लिहिले जाते, तेलुगूतून इंग्रजीत जाते, आणि मग दहावीच्या प्रमाणपत्रासाठी वडिलांना खेटे घालावे लागतात. पण तिथे प्रतिज्ञापत्र करता येते.

शिकागोत १९१० साली जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात असे विळे प्रथम वर्णिले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार आहे असे दाखवले, आणि १९५६ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी बदल एकाच ठिकाणी आहे हे शोधून काढले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये याची नोंद झाली, तर १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. म्हणजे आपल्या भागाचा हा विषय पुस्तकात यायला फार उशीर झालेला नाही. आपल्याच कानांवर तो उशिरा आला.

आता ते दुसरे कारण. २००४-०५ मध्ये मी साहाय्यक शिक्षक होतो. उटनूरकडचा एक गोंड मुलगा माझ्या वर्गात होता. घरी गोंडी, शाळेत मराठी, गणितात हुशार. तो सारखा लघवीला जायची परवानगी मागायचा. तासाला एकदा, कधी दोनदा. मला वाटे, टाळाटाळ करतो. महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर, आणि विचारले तर "पाय दुखत होते" एवढेच उत्तर. हिवाळ्यात, आपल्याकडे थंडी कशी पडते ते ठाऊक आहेच, सकाळच्या कवायतीला तो एका बाजूला बसून राही. एकदा मी सगळ्यांसमोर त्याला आळशी म्हणालो आणि तासभर वर्गाबाहेर उभा केला. बाहेर जायचे नाही, पाणी प्यायचे नाही.

दिवाळीनंतर तो आला नाही. त्याचे वडील दाखला न्यायला आले. माझ्याविषयी त्यांची काही तक्रार नव्हती, त्यांना बहुधा काही माहीतही नसावे. म्हणाले, "गुरुजी, नागपूरला रक्त पाहिलं. सिकल हाय म्हणे. पोराला लय पाणी पाजा म्हणून सांगितलं डॉक्टरनं."

मी घरी येऊन पुस्तक उघडले. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून वारंवार जावे लागते आणि अंगातले पाणी कमी होते. पाणी कमी झाले, थंडी लागली, दम लागेपर्यंत श्रम झाले की विळे वाढतात आणि कळा सुरू होतात. जे जे करू नये ते सारे मी त्या एका तासात केले होते. बीटा साखळीचे सहावे स्थान मला पाठ होते, परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. समोरचा मुलगा मात्र ओळखता आला नव्हता. त्याचे पुढे काय झाले ते मला कळले नाही.

हे सगळे मी नववीला सांगितले. वर्ग गप्प झाला. मग एका मुलीने विचारले, "सर, हा फक्त आदिवासींना होतो का?" नाही. विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर समाजांतही तो आढळतो. आपल्या समाजाची मंडळी पैनगंगेच्या दोन्ही काठांवर नांदते, सोयरिकी यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडपर्यंत जातात. 'तो त्यांचा आजार' असे म्हणून स्वस्थ बसण्यासारखे नाही. ज्यांच्याकडे चुकीच्या जनुकाची एकच प्रत असते त्यांना वाहक म्हणतात. ते सहसा आजारी नसतात, उलट जीवघेण्या मलेरियापासून त्यांना काहीसे संरक्षण मिळते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेत हे दाखवले. मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हे अक्षर टिकून राहिले ते यामुळे. त्यात कुणाच्या कुळाचा दोष नाही, आणि सोयरीक मोडायला म्हणून हे मी लिहीत नाही.

पण एक हिशेब पालकांनी समजून घ्यावा. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत आजार येण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि काहीच नसण्याची २५ टक्के असते. 'पहिल्याला झाला, आता पुढचे तिघे सुटले' हा हिशेब चुकीचा आहे. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध अनेकांच्या कळा कमी करते, कारण ते गर्भातले जुने हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. (याच हिमोग्लोबिनमुळे पहिले काही महिने बाळाला त्रास जाणवत नाही.) २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचारालाही मान्यता मिळाली. गंमत अशी की त्यातही चुकलेले अक्षर खोडत नाहीत, तेच गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. आपल्यासाठी अजून तरी रक्ताची तपासणी आणि पाण्याची बाटली हीच मोठी गोष्ट आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे दोन विनंत्या ठेवतो. मुलींच्या आणि मुलांच्या स्वच्छतागृहांत पाण्याची तोटी बाराही महिने चालू राहावी, आणि थंडीत कवायतीची वेळ एक तास पुढे न्यावी. पालकांनी मुलाचे तपासणी कार्ड मिळाले असल्यास वर्गशिक्षकांना एकट्याला दाखवावे. ती नोंद माझ्या कपाटात राहील, हजेरीपटावर येणार नाही. शिक्षकांना मी सांगितले आहे की पाणी प्यायला किंवा बाहेर जायला कुणी हात वर केला तर कारण विचारायचे नाही.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या वहीत मी परवा डोकावलो. केंद्रक बाहेर टाकणाऱ्या पेशीचे चित्र त्याने काढले होते, पण खाली नाव लिहिले होते 'कोशिका'. फळ्यावर बोलता बोलता मीच लिहून गेलो असणार. त्याने खोडून 'पेशी' केले आणि वही पुढे सरकवली.