मिसिंग

अब्बांच्या जुन्या पिकअपवर आमच्या घराचा निम्मा खर्च चालतो. गाडी पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर धावते. धाकटा भाऊ पहाटे मार्केटमधून भाजीचे क्रेट भरून गावोगाव पोहोचवतो. गेल्या पावसाळ्यात गाडी मध्येच झटके देऊ लागली. मिसिंग! पण गॅरेजमध्ये नेली की अगदी शहाण्यासारखी चालायची. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. चार दिवसांनी पुन्हा तेच.

अब्बांचा राग भावावर. "माझ्या हातात इतकी वर्षं काही झालं नाही. तू गाडी दामटतोस." बापलेकांचं बोलणं बंद झालं. अम्मी ताटं वाढून गप्प बसायची.

मला इंजिनातलं काही कळत नाही. पण वर्गात एखादं मूल आज नीट वाचतं आणि उद्या अडखळतं, तेव्हा ते कधी अडखळतं हे मी लिहून ठेवते. तशीच एक वही भावाला दिली. झटका बसला की लिहायचं: वेळ, पेट्रोल की गॅस, चढ की सपाट, पाऊस होता का.

दोन आठवड्यांत 11 नोंदी झाल्या. सगळ्या गॅसवरच्या, बहुतेक ओल्या पहाटेच्या, भरल्या गाडीने चढ चढतानाच्या. पेट्रोलवर एकही नाही. वही पाहून मिस्त्रीचाचा म्हणाले, "स्पार्क कमजोर पडतोय. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार स्पार्क लागतो, लोडवर तर आणखी."

मगरिबनंतर अंधारात त्यांनी गॅसचा व्हॉल्व्ह बंद करून इंजिन पेट्रोलवर चालू ठेवलं आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. तिसऱ्या वायरीतून निळी ठिणगी इंजिनाच्या लोखंडावर उडाली. रबराला केसाएवढी चीर होती. ओलाव्यात करंट प्लगपर्यंत न पोहोचता वाटेतच गळत होता. (हे घरी करून पाहू नका, त्या वायरींत हजारो व्होल्ट असतात.) वायरींचा सेट बदलला आणि झटके थांबले. "मिसिंग अंगावर काढू नका," चाचांनी बजावलं, "न जळलेलं इंधन सायलेन्सरकडच्या कन्व्हर्टरची वाट लावतं."

अब्बा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी आपल्या ताटातली बोटी भावाच्या ताटात ठेवली. "सकाळी जरा लवकर निघ बेटा, पाऊस आहे."

ती वही मी जपून ठेवली आहे. एखाद्या मुलावर आवाज चढवायची वेळ आली की आठवते.