बांधावरचा किस्ना

गिरीश कुलकर्णी म्हटलं की लोकांना आधी ‘देऊळ’ आठवतो, आणि ते साहजिकच आहे. २०११च्या त्या चित्रपटासाठी त्यांना अभिनयाचं आणि संवादलेखनाचं, दोन्ही राष्ट्रीय पारितोषिकं मिळाली. करडी गाईच्या मागे फिरणारा केशा त्यांनीच लिहिला, त्यांनीच उभा केला. ‘वळू’ आणि ‘विहीर’च्या लेखनातही ते होते. पण मी यवतमाळचा. माझ्यासाठी ते ‘गाभ्रीचा पाऊस’मधले किस्ना.

सतीश मनवरांचा तो चित्रपट २००९चा. त्याच्या तीन वर्षं आधी शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज जाहीर केलं होतं, त्यात आमचा जिल्हा होता. सावकार, सातबारा, मदतीला ‘पात्र’, ‘अपात्र’ हे शब्द इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ झाले होते. चित्रपटात शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलेला असतो आणि किस्नाची बायको अलका धसकते. सोनाली कुलकर्णींचा तो धसका अंगावर येतो. नवरा गप्प दिसला की ती पोराला त्याच्या मागे धाडते, सासूलाही पहाऱ्याला बसवते, गोडधोड रांधते. किस्नाच्या डोक्यात मात्र मरण नाही, पेरणी आहे.

मृग कोरडा जातो. टोबलेली सरकी मातीतच करपते. आमच्याकडचा माणूस अशा वेळी बांधावर जाऊन नुसता उभा राहतो. दुबार पेरणीचं बियाणं कुठून आणायचं याचा हिशेब तो करतोय की मनात दुसरंच काही आहे, हे घरच्यांना कळत नाही. विचारायची हिंमतही होत नाही. गिरीश कुलकर्णींनी हे न कळणंच अंगात घेतलंय. ज्याच्या हाताला संवाद लिहायची सवय, त्याला मोठ्या वाक्याचा मोह सुटणं अवघड. इथे त्यांनी किस्नाला पाठ दिली, मान दिली, आभाळाकडे जाऊन परत येणारी नजर दिली. मला हे त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं, पारितोषिकांच्याही वरचं.

पुढे हिंदीत ते भरपूर बोलले. ‘अग्ली’तला इन्स्पेक्टर जाधव मोबाइलवरच्या फोटोवरून समोरच्यांना किती छळतो! तोही मला आवडतो. तरी मृग कोरडा गेलेल्या वर्षी घाटंजी, पांढरकवडा, राळेगावच्या चावड्यांवर ‘गाभ्रीचा पाऊस’च दाखवावा, असं मला मनापासून वाटतं. बायकांना त्यातली अलका ठाऊकच आहे. पुरुषांनी ती एकदा बघावी.