लेखक : चांदोबा

मालवण तालुक्यातल्या एका शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूंनी, कडेला वेलबुट्टी काढून लिहिलं होतं : 'आजच्या वक्त्यांचे आवडते लेखक – चांदोबा.'

१५ ऑक्टोबर हा अब्दुल कलामांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात २०१५पासून तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी प्रत्येक शाळेला एक बोलणारा लागतो. बँकेतून निवृत्त होऊन गावी परतलेला माणूस मानधन मागत नाही, म्हणून मला बोलावणं आलं. आवडत्या लेखकाच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्यांवर बोला, असा निरोप होता. मी कागदावर नाव लिहून पाठवलं होतं : दासरी सुब्रह्मण्यम, 'चांदोबा' या मुलांच्या मासिकात आलेल्या बारा अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे लेखक. फळा लिहिणाऱ्या मुलींनी त्यातला ओळखीचा तेवढा शब्द उचलला. त्यांच्यावर राग नाही. त्यांनी लिहिलं ते आमच्या दोन-तीन पिढ्या बिनदिक्कत मानत आल्या होत्या.

राग आला तो अध्यक्षांचा.

मुलं छान रंगली होती. राक्षसाशी दोस्ती करणारा राजा, गेंड्यावर बसून लढायला येणारे रानातले योद्धे, एकाच्या हाती तलवार आणि दुसऱ्याच्या हाती मंत्रदंड असलेली मित्रांची जोडी. मी मध्येच थांबलो तेव्हा मागच्या बाकावरून 'मगे काय झाला?' असा मोठ्याने प्रश्न आला आणि बाईंनी डोळे वटारले. मग अध्यक्ष उठले. म्हणाले, वक्त्यांचं बालपण रम्य होतं, पण आता विज्ञानयुग आहे. यक्ष, मांत्रिक, राक्षस असलं वाचून मुलं अंधश्रद्ध होतात. शिवाय महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे, हे वक्त्यांना ठाऊक असेलच. सभागृहात हशा पिकला. त्या हशाने त्यांना आणखी चेव आला. 'मराठीत लेखक संपले होते काय, म्हणून मद्रासहून आणावे लागले?' टाळ्या. आभार. शाल, नारळ, वडापाव.

आभार मानून झाल्यावर वक्त्याने पुन्हा माईक मागायचा नसतो, म्हणून मी गप्प बसलो. पण त्यानंतर कित्येक रात्री त्या गृहस्थांना अंथरुणात पडल्या पडल्या उत्तरं देत होतो.

त्यातलं पहिलं उत्तर दशावताराचं. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतार रंगतो. हेच अध्यक्ष तिथे पहिल्या रांगेत, मफलर गुंडाळून, पहाटेपर्यंत बसलेले असतात. संकासुराच्या मालवणी कोट्यांना दाद देतात. राक्षस आरोळी ठोकत आला की मांडीवरचं नातवंड दचकून रडतं, तेव्हा त्याला हसत हसत थोपटतात. तिथे त्यांना कायदा आठवत नाही आणि आठवायचं कारणही नाही. तो कायदा नरबळी, अघोरी प्रकार आणि भोंदूगिरी यांच्याविरुद्ध आहे, गोष्टीतल्या राक्षसाविरुद्ध नाही. डोळ्यांसमोर नाचणारा राक्षस चालतो, मग छापलेला राक्षस का चालू नये? दहा वर्षांच्या मुलाला हे खोटं आहे हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच तर ते मजेत घाबरतं.

दुसरं उत्तर मद्रासचं. 'चांदोबा'ची कुळकथा बहुतेकांना माहीत असेल, म्हणून झटपट सांगतो. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७मध्ये मद्रासहून तेलुगू 'चंदमामा' आणि तमिळ 'अंबुलिमामा' काढला. मराठी 'चांदोबा' आला १९५२मध्ये. विजया प्रॉडक्शन्स ही चित्रपटसंस्थाही याच जोडीची. 'पाताळ भैरवी' (१९५१) आणि 'मायाबाजार' (१९५७) त्यांचेच. संपादनाचं काम १९५२पासून कोडवटिगंटी कुटुंबराव पाहू लागले आणि १९८०मध्ये निधन होईपर्यंत पाहत राहिले. त्याच १९५२ साली गुंटूरकडचा एक विशीतला तरुण संपादन विभागात लागला आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं तिथेच राहिला. तो दासरी सुब्रह्मण्यम.

१९५४मध्ये त्याची 'तोकचुक्का', म्हणजे धूमकेतू, ही पहिली मालिका सुरू झाली. मग 'मकरदेवता', 'कंचुकोट', 'ज्वालाद्वीपम्', 'पाताळदुर्गम्', 'शिथिलालयम्', 'यक्षपर्वतम्', 'मायासरोवरम्', अशा एकामागून एक. शेवटची 'भल्लूक मांत्रिकुडू' सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आली. दर महिन्याला थोडकीच पानं. प्रकरणाच्या सुरुवातीला मागच्या भागाचा सारांश, आणि शेवट अशा जागी की पुढचा महिना काढायचा कसा हा प्रश्न पडावा. चित्रं 'चित्रा' या सहीची. त्यांचं खरं नाव टी. व्ही. राघवन. तेलुगूत लिहिलेलं प्रकरण तीच चित्रं घेऊन इतर भाषांत जायचं आणि आमच्याकडे मालवणच्या एसटी स्टँडवर उतरायचं.

सत्तरच्या दशकात अंक मिळणं म्हणजे नशीब लागायचं. आमच्या वाडीत एक अंक यायचा आणि घराघरांतून फिरून परत यायचा तेव्हा मुखपृष्ठाला माशाच्या कालवणाचा वास असायचा. जुने अंक गणपतीला येणारे चाकरमानी आणत, गिरणगावातल्या रद्दीच्या दुकानातून वजनावर घेतलेले. पावसात वीज गेली की कंदिलाभोवती बसून एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आजी ओरडायची, 'मेल्यांनो, तो मांत्रिक खंय पळान जाणा नाय, आधी जेवूक बसा!' आणि पान वाढून झालं की हळूच विचारायची, 'त्या राजाच्या झिलाचा काय झाला रे?'

'पाताळदुर्ग' आमच्यापुरता समोरच होता. सिंधुदुर्ग किल्ल्यातून समुद्राखालून भुयार निघतं, अशी आख्यायिका मालवणात प्रत्येक पोराला ठाऊक असते. पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद होतात. तटावर लाटा फुटत असतात आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. धूमक आणि सोमक हे त्या कादंबरीतले दोघे वीर याच भुयारातून गेले, याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. वाद फक्त ते किल्ल्यातल्या दूधबाव या विहिरीत वर आले की साखरबावीत, एवढाच होता.

दासरींची करामत राक्षसात आहे. पुराणातला राक्षस मरण्यासाठी येतो. दासरींचा राक्षस बोलतो, रागावतो, रुसतो, कधी कधी बाजूही बदलतो. 'ज्वालाद्वीप'मधला उग्राक्ष हा त्याचा उत्तम नमुना. चित्रसेन राजाचा तो सोबती होतो आणि मग त्याच्या अजस्र देहाची भीती वाटण्याऐवजी तो आपल्या बाजूचा आहे याचा भरवसा वाटू लागतो. 'यक्षपर्वत'मध्ये खड्गवर्मा आणि जीवदत्त, 'माया सरोवर'मध्ये जयशील आणि सिद्धसाधक, 'शिथिलालय'मध्ये शिखिमुखी आणि विक्रमकेसरी. बहुतेक ठिकाणी जोडी. एक अडकला की दुसरा सोडवतो. देव धावून येत नाही. डोकं चालवावं लागतं, नाहीतर पळावं लागतं, आणि पळण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. अंधश्रद्धा वाढवणारं लेखन म्हणतात ते हेच असेल, तर असलं आणखी हवं.

आता खरी सल. यातल्या एकाही मालिकेवर लेखकाचं नाव नव्हतं. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असायची, मजकुरावर कोणाचंच नाव नाही. आम्ही समजायचो की हे कुठल्यातरी जुन्या संस्कृत पोथीतून उतरवलं आहे. एका गुरुजींनी तर 'कथासरित्सागर' असं ठामपणे सांगून टाकलं होतं. खरा लेखक मला कळला तो नोकरीच्या निमित्ताने हैदराबादला असताना. जेवणाच्या सुट्टीत गुंटूरकडच्या एका सहकाऱ्यापाशी मी सहज 'खड्गवर्मा' म्हणालो आणि त्याने डब्यावरून हात उचलून 'जीवदत्त!' म्हटलं. चाळिशी उलटलेले दोन बँकवाले मग जेवण विसरून एकेक नाव टाकत बसले. त्याला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू. नावं मात्र तीच. 'दासरी गारूंनी लिहिलंय हे सगळं,' तो म्हणाला, 'एकट्याने.' मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

त्यानेच पुढची हकीकत सांगितली, जी तेलुगू वाचक आवडीने सांगतात. चक्रपाणींना या मायावी मालिकांचं फारसं प्रेम नव्हतं. साठीच्या दशकात त्यांनी त्या थांबवल्या आणि त्यांच्या जागी बंकिमचंद्रांची 'दुर्गेशनंदिनी' सुरू केली. साहित्य म्हणून मोठंच नाव! पण अंकाचा खप खाली आला आणि दासरींना पुन्हा लिहायला सांगावं लागलं. माझ्या अध्यक्षांचं आणि चक्रपाणींचं मत एकच होतं म्हणायचं. फरक एवढाच की चक्रपाणींच्या हाती खपाचे आकडे येत आणि ते आकड्यांपुढे मान तुकवत. शाळेच्या सभागृहात असे आकडे कोण देणार?

या बिननावाच्या छपाईचा मला बराच काळ संताप होता. पन्नास वर्षं एका टेबलाशी बसून माणूस लिहितो, अनेक भाषांतली मुलं त्याच्या राक्षसांना घाबरून झोपतात आणि त्यातल्या बहुतेकांना तो कोण हे कळतही नाही. जानेवारी २०१०मध्ये दासरी गेले. मराठीत कुणी हळहळलं नाही, कारण कोण गेलं हेच ठाऊक नव्हतं. लेखकाचं नाव छापायला किती शाई लागते?

पण हेही कबूल केलं पाहिजे की नाव नव्हतं म्हणूनच ती गोष्ट आमची झाली. 'लेखक : दासरी सुब्रह्मण्यम' असं वर छापलेलं असतं, तर भुयार गुंटूरला निघालं असतं, मालवणच्या किल्ल्यात नाही. दशावताराच्या आख्यानांवर तरी कोणाचं नाव असतं? हे मला पटतं, आणि संतापही जात नाही.

'मराठीत लेखक संपले काय' या प्रश्नाचं उत्तर राहिलं. संपले नाहीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' आहे, आणि 'एटू लोकांचा देश' लिहिणारे विंदा करंदीकर तर आमच्याच जिल्ह्यातले, देवगडच्या धालवलीचे. पण फेणे साहसकथा आहे, मतकरींचं नाटक आहे, विंदांच्या कविता आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलाने दोन-तीन बैठकांत संपवावी अशी सलग अद्भुतरम्य कादंबरी मराठीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. नाथमाधवांचा 'वीरधवल' आहे, पण त्याची भाषा आजच्या सहावीतल्या मुलाला दमवते. म्हणून मुलं परदेशी जादूगारांच्या जाडजूड ठोकळ्यांकडे वळतात. वळू देत. पण मध्ये एक पायरी हवी की नाही?

या कादंबऱ्यांत खोटही आहे, ती पालकांना सांगून ठेवतो. राजकन्या बहुधा पळवून नेण्यासाठी आणि सोडवून आणण्यासाठीच असतात. रानातल्या टोळ्यांचं चित्रण आज खटकेल असं आहे. महिन्याच्या हप्त्याने लिहिल्यामुळे मधली काही प्रकरणं ताणलेली वाटतात, तिथे वाचून दाखवणाऱ्याने खुशाल पानं गाळावीत. पळवून नेलेल्या राजकन्येवर माझ्या पुतणीची नात म्हणाली, 'तिका स्वतःक तलवार चालवूक येत नाय काय?' हा प्रश्न गोष्ट थांबवून चर्चा करण्याजोगा आहे.

तेलुगूत या मालिका पुस्तकरूपाने निघाल्या आहेत. मराठीत कुणीतरी प्रकाशकाने परवानग्यांची खटपट करून, 'चित्रा'च्या चित्रांसकट, लेखकाचं नाव ठळक छापून त्या काढाव्यात. तोपर्यंत 'चांदोबा'चे जुने अंक रद्दीत, इंटरनेटवर आणि कोकणातल्या माळ्यांवर आहेत, वाळवी लागायच्या आत खाली काढावेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला 'पाताळदुर्ग' वाचून दाखवा. दहाच्या पुढे 'ज्वालाद्वीप' आणि 'यक्षपर्वत' त्याचं ते वाचेल. 'शिथिलालय' थोडं गडद आहे, ते बारानंतर. 'माया सरोवर' कधीही चालेल, आणि माझं मत विचाराल तर बारांतली सर्वांत सरस तीच.