गवत कापून झाल्यावरचा अर्धा तास

जून संपता संपता आपल्या माळव्यात पाऊस स्थिरावतो आणि शाळेच्या मैदानाच्या कडेने गवत गुडघ्याला लागते. काळ्या मातीला एकदा पाणी मिळाले की ती कोणाचे ऐकत नाही. गवत वाढले की साप-विंचवाची भीती, डास आणि हरवलेल्या चेंडूंच्या तक्रारी एकदमच सुरू होतात. म्हणून जुलैपासून दिवाळीपर्यंत दर शनिवारी, शाळा सुटून मैदान रिकामे झाल्यावर, आपले माळीकाका खांद्याला पट्टा अडकवून गवत कापण्याचे यंत्र चालवतात. लहान वर्गातील मुलांनी त्याचे नाव 'घुर्र मशीन' ठेवले आहे.

विश्वस्त मंडळाच्या मागील बैठकीत खर्चाचा आढावा चालू असताना एका सन्माननीय सदस्यांनी रास्त प्रश्न विचारला. माळीकाकांच्या नोंदवहीत दर शनिवारी 'गवत कापणे, दोन तास' यानंतर 'यंत्राची निगा, अर्धा तास' अशी नोंद असते. गवत तर कापून झाले, मग हा अर्धा तास कशाचा? यंत्र बिघडेल तेव्हा दुसरे घेता येणार नाही का? बैठकीत वेळ थोडा होता, म्हणून सविस्तर उत्तर येथे देत आहे. ते मुलांनी आणि पालकांनीही वाचावे, कारण त्यात त्यांचाही संबंध आहे.

प्रथम यंत्राविषयी. याला पाते नसते. फिरणाऱ्या डोक्यातून नायलॉनची जाड दोरी बाहेर आलेली असते आणि तीच वेगाने फिरून गवत कापते. ही कल्पना अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली सुचली. मोटारी धुण्याच्या केंद्रात नायलॉनचे फिरते ब्रश पाहून त्यांना वाटले की झाडांच्या बुंध्याजवळचे गवतही असेच काढता येईल. त्यांनी पहिला प्रयोग केला तो मक्याच्या लाह्यांच्या रिकाम्या डब्याला मासेमारीची दोरी बांधून. साध्या वस्तूकडे नीट पाहणाऱ्याला काय सुचू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मऊ दोरीने गवत कसे कापले जाते, याचे उत्तर वेगात आहे. आठवीच्या विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे. दोरीचे टोक मध्यापासून २० सेंटिमीटरवर आहे आणि डोके मिनिटाला ७००० फेरे घेते असे धरा. एका फेऱ्यात टोक सुमारे १.२६ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४७ मीटर, ताशी ५०० किलोमीटरहून अधिक. या वेगाने फिरणारी दोरी एखाद्या खड्याला लागली तर तो कुठे जाईल, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच यंत्र चालू असताना १५ मीटरच्या आत कोणीही जायचे नाही, असा आपला नियम आहे. काका डोळ्यांना चष्मा, कानांना आवाजरोधक आणि पायात जाड बूट घालतात ती हौस नव्हे. सुरुवातीला ते मैदानाच्या कडेने एक फेरी मारून दगड, काचा, तारेचे तुकडे वेचून घेतात, तेही कामच आहे.

आता त्या अर्ध्या तासाकडे येऊ. इंजिन बंद करून ते थंड होऊ द्यायचे आणि स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवायची, म्हणजे चुकूनही यंत्र सुरू होणार नाही. हे झाल्यावरच डोक्याला हात लावायचा. डोक्याभोवती गुंडाळलेले गवत आणि संरक्षक झाकणाखाली थापला गेलेला ओला चोथा काढायचा. तो वाळला की दगडासारखा घट्ट होतो. इंजिनाच्या बाजूच्या धातूच्या पट्ट्यांमधील कचरा ब्रशने काढायचा, कारण त्यांच्यामधून जाणाऱ्या हवेनेच इंजिन थंड राहते. हवेच्या गाळणीचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, पुस्तिकेत सांगितले असेल तर तेलाचे दोन थेंब चोळून परत बसवायचा. गाळणी धुळीने भरली की इंजिनाला हवा कमी पडते, पेट्रोल अधिक जळते आणि धूर वाढतो. दांड्याच्या टोकाशी, डोक्याच्या वर, दातेरी चाकांची छोटी पेटी असते. साधारण २५ तासांच्या कामानंतर तिचा स्क्रू उघडून ग्रीस भरावे लागते. शेवटी सर्व नटबोल्ट तपासायचे.

इंधनाचे गणित सहावीच्या गुणोत्तराच्या धड्यात शोभेल असे आहे. आपले यंत्र टू-स्ट्रोक आहे. त्यात तेलाची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच आतील भागांना वंगण पुरवते. आपल्या यंत्राला ५० ला १ हे प्रमाण लागते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल. ज्या यंत्राला २५ ला १ लागते त्याला ४० मिलिलिटर. अंदाजाने ओतलेले तेल कमी पडले तर इंजिन आतून घासून निकामी होते, जास्त झाले तर प्लग काळा पडतो. म्हणून काकांच्या खोलीत औषधाचे मोजमाप असते तसे एक माप ठेवले आहे. शिवाय हल्ली पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. मिश्रण महिनोन्‌महिने टाकीत राहिले तर कार्बोरेटर चिकटतो आणि रबराच्या नळ्या खराब होतात. यासाठी लागेल तेवढेच मिश्रण तयार करायचे. दिवाळीनंतर गवत वाळले की टाकी रिकामी करून, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवून, मगच ते खुंटीला टांगायचे.

नायलॉनची दोरीही लक्ष मागते. आठ महिने कोरड्या हवेत राहून ती ठिसूळ होते आणि सारखी तुटते. जूनमध्ये ती एक दिवस बादलीभर पाण्यात बुडवून ठेवली की पुन्हा लवचिक होते, कारण नायलॉन पाणी शोषतो. दोरी महाग वाटते म्हणून काही जण तिच्या जागी सायकलच्या ब्रेकची तार लावतात. हे कोणीही, घरच्या बागेतसुद्धा, करू नये. तारेचा तुटलेला तुकडा बंदुकीच्या छर्‍यासारखा उडतो. तसेच दोरी लांब ठेवता यावी म्हणून संरक्षक झाकण काढून टाकण्याची पद्धतही घातक आहे. झाकणावरील छोटे पाते दोरीला योग्य लांबीवर छाटते आणि झाकण स्वतः चालवणाऱ्याच्या पायांचे रक्षण करते.

आणखी एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे. दहावीच्या प्रत्येक तुकडीने निरोप समारंभाच्या दिवशी लावलेली रोपे कुंपणालगत उभी आहेत. पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचते ते सालीच्या आतील थरातून. कोवळ्या बुंध्याला ही फिरती दोरी चहूबाजूंनी लागली आणि साल निघाली, तर मुळांचे अन्न तुटते. झाड त्या दिवशी हिरवेच दिसते, वाळते ते काही महिन्यांनी, आणि दोष मात्र उन्हाला दिला जातो. म्हणून प्रत्येक रोपाभोवती हातभर जागेत यंत्र न्यायचे नाही. तेथील गवत खुरप्यानेच काढायचे आणि वाळक्या पाल्याचे आच्छादन घालायचे. गाजरगवतालाही यंत्र लावायचे नाही. ते फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटावे लागते, कारण वरून कापले तर ते पुन्हा फुटते.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे या कामासाठी माझ्या तोंडी आधी 'रखरखाव' हा शब्द येतो. पण मराठीतील 'निगा' मला अधिक आवडतो. हिंदीत ज्याला 'निगाह' म्हणतात, म्हणजे नजर, तो आणि आपला 'निगा' हे एकाच फारसी शब्दाचे. निगा राखणे म्हणजे आधी नीट पाहणे. काका यंत्र पुसताना सैल झालेला बोल्ट, झिजलेली दोरी, नळीवरची बारीक चीर पाहतात. ती त्या दिवशी दिसली तर काम थोडक्यात भागते. पुढच्या शनिवारी चालू यंत्रात कळली तर कोणाच्या तरी पायावर किंवा डोळ्यावर बेतू शकते. नवे यंत्र आणले तरी हे पाहण्याचे काम त्याच्यासोबत येतेच. ते पैसे देऊन टळत नाही.

आपल्या यंत्राचा हा सहावा पावसाळा आहे आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू होते. हे श्रेय यंत्राचे थोडे आणि काकांचे अधिक आहे. म्हणून विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की हा अर्धा तास उरलेला वेळ न समजता पगारी कामाचाच भाग मानावा, तो पुढील वर्षाच्या कामाच्या वाटपातही तसाच लिहावा, आणि चष्मा, हातमोजे व बूट दरवर्षी नवे घेण्याची तरतूद करावी. पालकांनी शनिवारी मुलांना न्यायला आल्यावर कुंपणाच्या बाजूला वाहने उभी करू नयेत. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही एवढेच करा, मैदानात दगड, बाटल्यांची झाकणे आणि तारा टाकू नका. तुम्ही शुक्रवारी उचललेला एक खडा शनिवारी माळीकाकांच्या दिशेने उडणार नाही.