आण्णा दुबईला आले तेव्हा

शाळेच्या वार्तापत्रासाठी परदेशातील अनुभव लिहून पाठव, असा सरांचा निरोप आला. सरांना नाही म्हणण्याची सवय आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना नाही. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे आणि २०१० साली त्याचे उद्घाटन झाले, हे आजच्या मुलांना माझ्याआधी ठाऊक असते. म्हणून माझे आई-आण्णा २०१८ च्या डिसेंबरात आमच्याकडे पंधरा दिवस राहून गेले, तेवढेच लिहितो.

आण्णांची सारी नोकरी भैंशाच्या मोंढ्यात, एका अडत दुकानावर मुनीम म्हणून झाली. बासरहून रेल्वेने सिकंदराबाद, तिथून शमशाबादचे विमानतळ आणि मग सुमारे चार तासांत दुबई. विमानात बसण्याची दोघांचीही पहिलीच वेळ. इथे सर्व काही मिळते असे दहादा सांगूनही आईच्या पिशवीतून ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा निघालाच.

मी वहीत रोजचा कार्यक्रम आखून ठेवला होता. पहिल्या दिवशी बुर्ज खलिफा. आण्णांनी मान वर करून पाहिले आणि विचारले, "एवढ्या काचा पुसतो कोण?" एवढेच. मोठमोठे मॉल पाहताना आई दमली आणि आण्णा कंटाळले, हे मला कळत होते. पण भरपूर पैसे घालून काढलेली तिकिटे वाया कशी घालवायची!

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. करामा भागातून चालताना आण्णा एका पाटीसमोर थांबले आणि बोट फिरवत अडखळत वाचू लागले, "सै-द-लि-या. म्हणजे काय रे?" मी इंग्रजी पाहून सांगितले, औषधाचे दुकान. मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचता वाचता आण्णा उर्दू शिकले होते. अरबी लिपी तिच्या अगदी जवळची. अर्थ कळत नसला तरी अक्षरे त्यांना लागत होती. मग आम्ही दर दहा पावलांवर थांबू लागलो. एका पाटीवर त्यांना 'हिसाब' हा शब्द सापडला. ती हिशेब तपासणीसांच्या कार्यालयाची पाटी होती. मी स्वतः हिशेबनीस, त्या पाटीखालून कितीतरी वर्षे जात होतो आणि मला ती कधी वाचता आली नव्हती. "हिशेब, तारीख, बाकी, वकील, सगळे यांचेच शब्द आपल्या खतावणीत आहेत," आण्णा म्हणाले. गावाकडच्या माणसाला मी शहर दाखवतोय असे मला वाटत होते. त्या दिवशी उलटेच झाले.

पुढे एके दिवशी खाडी ओलांडायला अब्रात बसलो. अब्रा म्हणजे लाकडी होडी. बर दुबईहून पलीकडे देऱ्याला जायला एक दिरहॅम लागला. शेजारी निळ्या डांगरीतली चार मुले तेलुगूत बोलत होती. आण्णांनी लगेच विचारले, "ए ऊरु, बाबू?" दोघे निर्मलकडचे, एक आर्मूरचा, एक जगित्यालचा. आपल्या भागातून किती मुले आखातात जातात, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. आईने चिवड्याची पुडी त्यांच्या हातात दिली. निर्मलचा मुलगा तीन वर्षांत घरी गेला नव्हता. एका खोलीत आठ जण राहतो, म्हणाला.

देऱ्याला उतरल्यावर आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू पहिली दोन वर्षं जिथं राहिलास ती खोली दाखव. समुद्र दिसतो म्हणून लिहिलं होतंस ती."

ती खोली माझ्या वहीत नव्हती. समुद्रही नव्हता. करामातल्या एका जुन्या इमारतीत एका खोलीत आम्ही सहा जण, एकावर एक पलंग, आणि खिडकीतून समोरच्या घराचे एसी. दुसऱ्या दिवशी मी त्यांना तिथे नेले. वर जाता आले नाही, खालूनच तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दाखवली. आई पदराने डोळे पुसू लागली. आण्णांनी खिडक्या मोजल्या. "स्लॅब टाकला तो याच पैशातला ना?" मी हो म्हणालो. "मग खोटं कशाला लिहिलंस? मुनिमाला खोटी नोंद दिसत नाही होय?" रागावले की काय ते मला कळले नाही. परतताना मात्र त्यांनी माझा हात धरला होता.

रात्री जेवताना त्यांनी विचारले, "हे घर तुझं कधी होणार?" मी सांगितले, घर भाड्याचे, व्हिसा नोकरीचा, नोकरी सुटली की ठरावीक मुदतीत निघायचे, मग दहा वर्षे झालेली असोत की वीस. (२०१९ पासून काही निवडक लोकांना दीर्घ मुदतीचा गोल्डन व्हिसा मिळू लागला. मी त्या निवडकांत नाही.) आण्णा हसले. "आपलं उलट आहे. मी जागचा हललो नाही, सरकारच बदलत गेलं." १९५६ साली ते आठ वर्षांचे होते. नांदेड जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात गेला, पण त्याच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशात राहिली आणि आदिलाबाद जिल्ह्याला जोडली गेली. २०१४ ला तेलंगणा झाले, २०१६ ला निर्मल जिल्हा. "घर तेच, पत्ता चौथा," असे म्हणून त्यांनी भाकरी मोडली.

माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. मराठी बोलायचा, पण शाळेत इंग्रजी आणि अरबी. मराठी अक्षर त्याला येत नव्हते, आणि दोष शाळेचा नव्हे, आमचाच. उरलेले सात दिवस माझी कार्यक्रमाची वही कपाटातच राहिली. आजोबा आणि नातू बाल्कनीत कागद घेऊन बसत. आण्णांनी त्याचे नाव मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत एकाखाली एक लिहून दिले. उर्दूतले नाव नातवाने लगेच वाचले आणि आजोबांचा एक ठिपका चुकला म्हणून सांगितले. मराठीतले नाव गिरवायला त्याला पाच दिवस लागले.

तो कागद आमच्या फ्रीजवर अजून चिकटवलेला आहे. तेलुगूतही एक अक्षर चुकले आहे असे आई फोनवर सांगते, पण आण्णांना ते मान्य नाही.