ब्लीडचा कॉक

कूलिंग टॉवरच्या हौदाला खाली अर्ध्या इंचाचा ब्लीडचा, म्हणजे क्षार साठलेलं पाणी सोडायचा कॉक असतो. तो किती उघडा ठेवायचा, या एका प्रश्नात माझी बत्तीस वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात एका पोराने दाखवून दिलं की माझं उत्तर चुकत होतं.

आमच्या बर्फाच्या कारखान्याला बोअरचं पाणी. नांदगावचा खडक काळा, पाणी जड. टॉवरवर पाणी उडतं, क्षार मागे राहतात. वीस टन रेफ्रिजरेशनच्या प्लँटचं दिवसाला तीन हजार लिटर पाणी वाफ होऊनच जातं. त्याला इलाज नाही, उष्णता त्या वाफेनेच जाते. वाया जातं ते ब्लीडचं. आणि ते कमी सोडलं की नळ्यांत पांढरा थर धरतो, हेडच्या दाबाचा काटा १८५ वरून २१० कडे सरकतो.

मी हे सगळं कानाने ठरवायचो. कॉम्प्रेसर जड बोलू लागला की कॉक पाव फेरा उघडायचा. हौदातलं पाणी बोटांत चोळून बघायचं. मालेगाव-मनमाडचे कारखानेवाले मला बोलवायचे तेव्हा मान ताठ व्हायची, हे कबूल करतो.

आयटीआय करून आलेल्या पोराने एक दिवस पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएसचा मीटर आधी बोअरच्या पाण्यात बुडवला, मग हौदात. ९०० आणि १,८००.

‘‘मिस्त्री, दुप्पटच होतंय. म्हणजे जेवढं उडतंय, तेवढंच आपण गटारात सोडतोय.’’

मी त्याच्यावर ओरडलो. त्या रात्री जेवण गेलं नाही, कारण कॉक इतका उघडा का होता ते मला ठाऊक होतं. दर वर्षी कंडेन्सर उघडला की नळ्या काचेसारख्या निघायच्या आणि मी त्या मालकाला बोलावून दाखवायचो. ॲसिड मारून नळ्या पातळ करणाऱ्यांना नावं ठेवायचो. ती चकाकी माझ्या हाताची नव्हती. रोज तीन हजार लिटर पाणी तिच्यासाठी गटारात जात होतं, आणि तेही मनमाडसारख्या गावाने नळाच्या पाण्यासाठी पंधरा-पंधरा दिवस वाट बघितलेल्या तालुक्यात. गिरणा धरण आमच्याच हद्दीत, पण त्याचं बहुतेक पाणी जळगावकडे जातं.

मग आम्ही कॉक आवळत गेलो. हौदातले क्षार बोअरच्या चौपटीवर नेले तेव्हा ब्लीड हजार लिटरवर आलं, पण महिनाभरात काटा २०५ ला गेला. मागे आलो, तिपटीवर थांबलो. ब्लीड दीड हजार, काटा १९०. दुपारी लोड वेगळा, रात्री वेगळा, पावसाळ्यात हवा दमट. म्हणून पोरगा म्हणतो, आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह लावू. मी अजून प्रत्येक पाळीला हाताने फिरवतो. पाणी वाचवण्याच्या नावाखाली सॉफ्टनर विकायला येणारे तो धुवायला किती पाणी लागतं ते सांगत नाहीत. हवेवरचा कंडेन्सर विकणारे मे महिन्याच्या दुपारी तो किती वीज ओढतो, ते सांगत नाहीत.

पण सर्वांत जास्त राग येतो तो टॉवरच न बसवणाऱ्यांचा. बोअरचं पाणी कंडेन्सरमधून एकदा फिरवून थेट नाल्यात. पाणी पाच अंशांनी तापवायचं तर वीस टनांना तासाला पंधरा हजार लिटर लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे गेली, तिच्यात सुमारे पाच लाख लिटर होतं. असा प्लँट तेवढं पाणी दीड दिवसात संपवतो.

यंदा कंडेन्सर उघडला तेव्हा नळ्यांवर पुसट पांढरी झाक होती. मालकाला बोलावलं, तीही दाखवली. ब्रशने निघाली, ॲसिड लागलं नाही. ब्लीडचं पाणी आता पिंपांत धरून फरशी धुवायला वापरतो.

मीटर हजार रुपयांच्या आत मिळतो. ज्यांच्याकडे टॉवर आहे त्यांनी उद्या सकाळी बोअरचं आणि हौदाचं पाणी मोजून बघा, आणि तोवर आपल्या कानावर विश्वास ठेवू नका.